पाहिलेलं शाईने, ऐकलेलं पेन्सिलीने

आमच्या सरांकडे वर्तणुकीचा दाखला मागायला कोणी दुसऱ्यांदा गेल्याचं मला आठवत नाही. पहिल्यांदा जाणारे बिचारे नवखे असत. कॉलेजचा छापील नमुना होता, 'सदर विद्यार्थी माझ्या माहितीप्रमाणे चांगल्या वर्तणुकीचा आहे.' खाली नुसती सही करायची. बाकीचे प्राध्यापक चालता चालता भिंतीला टेकवून ती करून देत. आमचे सर मात्र खुर्चीत नीट बसून तो कागद पहिल्या अक्षरापासून वाचत, 'चांगल्या वर्तणुकीचा' या शब्दांवर रेघ मारत आणि वर बारीक अक्षरात लिहीत, 'दोन वर्षे पाहिला. अकरा ते पाच. भांडताना दिसला नाही. पाचनंतरचे माहीत नाही.'

मोर्शीकडच्या एका मुलाला बँकेच्या नोकरीसाठी असा दाखला मिळाला, तेव्हा त्याचे वडील संत्र्याची तोड सोडून तावातावाने कॉलेजात आले होते. आम्ही प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहून ऐकत होतो.

"पाचनंतर माहा पोट्टा काय दरोडे टाकते काय?"

"दरोडे टाकते असं म्या कुठी लिवलं?" सर म्हणाले. "मले मालूम नाही, एवढंच लिवलं. पाच वाजता मी गाडीले निंगतो."

हेही खरंच होतं. सर शिकवायचे अमरावतीत आणि राहायचे अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. सगळी नोकरी त्यांनी अप-डाउन करून काढली. अमरावतीत घर का घेत नाही, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "अमरावतीत मी कामाले येतो. रायाले कायले येऊ?" आम्हा अमरावतीकरांना हे फार लागायचं.

त्यांच्या खिशात दोन वस्तू कायम असत, एक निळ्या शाईचं पेन आणि एक बोटभर पेन्सिल. स्वतः पाहिलेलं शाईने लिहायचं आणि ऐकलेलं पेन्सिलीने, हा त्यांचा नेम. हजेरी घेतानासुद्धा आपण 'प्रेझेंट सर' म्हटलं की ते आधी पेन्सिलीने टिंब देत. मग मान वर करून चेहरा दिसला की त्यावर शाईची खूण. मागच्या बाकावरून मैत्रिणीची हजेरी लावणारीला त्यांच्या तासाला काहीच वाव नव्हता. स्टाफरूममध्ये कोणाला मुलगी झाल्याची बातमी आली की सर डायरीत पेन्सिलीने टिपून ठेवत. आठवड्या-पंधरवड्यात झबलं घेऊन बाळाला पाहून येत आणि मगच ती ओळ शाईने गिरवत. त्यांचे सहकारी त्यांना हसायचे. पण आपल्या बाळाची ओळ गिरवली की नाही, हे प्रत्येकाने कधी ना कधी हळूच विचारलेलं होतं.

मी त्यांच्या वर्गात आले ती हरून आलेली. डॉक्टर व्हायचं म्हणून नीटची परीक्षा दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिले होते. मग बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं. घरातले, नात्यातले, शेजारचे, जो तो मला समजावायचा. सरांनी समजावलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "नीट देल्ली होती म्हनते?"

"हो सर. दोनदा."

त्यांनी डायरीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बरं. स्लाइड लाव." मला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की विचारू नका.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी मी पुढची तीन-चार वर्षं सरांखेरीज कोणाला सांगितली नव्हती. शेवटच्या वर्षाला आम्ही वडाळी तलावाच्या पाण्यातले जिवाणू मोजत होतो. काचेच्या तीन बशांमध्ये पाणी घालून त्या उबवायला ठेवायच्या, तीन-चार दिवसांनी प्रत्येक बशीत उगवलेले ठिपके मोजायचे आणि तिन्हींचे आकडे वहीत लिहायचे. किचकट काम आहे. मान मोडते, डोळे चुरचुरतात. त्या दुपारी माझ्या मैत्रिणीचं साक्षगंध होतं आणि मला साडी नेसायला वेळ हवा होता. मी एक बशी मोजली. सत्याऐंशी ठिपके निघाले. मग उरलेल्या दोन बशा न उघडताच एक्याण्णव आणि चौऱ्याऐंशी असे शोभतील ते आकडे लिहिले आणि सटकले. सर दारात उभे होते.

"तीनही पाह्यल्या?"

"हो सर."

त्यांनी माझं नाव आणि वेळ टिपून घेतली. शाईने की पेन्सिलीने, ते पाहायला मी थांबले नाही.

साक्षगंधात जेवणावरून मन उडालेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई कुलूप काढत होता तेव्हाच मी प्रयोगशाळेत पोचले. गुपचूप दोन्ही बशा मोजून खरे आकडे लिहून टाकावे, असा माझा बेत होता. दुसऱ्या बशीत ठिपके निघाले एकशे बेचाळीस. तिसरी बशी उघडली. तिच्यात मोजण्यासारखं काही नव्हतंच. काठापासून काठापर्यंत नुसती काळी-हिरवी बुरशी माजली होती. या बशीतले चौऱ्याऐंशी जिवाणू मी मोजले होते!

बशी धुऊन टाकणं सोपं होतं, आणि सर यायला अजून वेळ होता. सिंकपर्यंत मी ती नेलीसुद्धा. पण 'हो सर' म्हणतानाचा माझाच आवाज कानात होता. मी बशी परत आणून टेबलावर ठेवली. सर आल्याबरोबर, त्यांनी पिशवी खुंटीला लावायच्या आत, सांगून टाकलं.

"मालूम हाये मले," सर म्हणाले. "काल साडेचारलेच पाह्यली मी ते बुरशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतं का नाही, ते पाहाचं होतं."

त्यांनी वही मागवली, दोन्ही खोट्या आकड्यांवर रेघ मारली, चौऱ्याऐंशीच्या वर 'बुरशी' असं लिहिलं आणि त्या प्रयोगाला शून्य दिलं. ना शाबासकी, ना माफी. मी रडत होते तर म्हणाले, "रडून राहिली ते बाहीर रड. इथं पान्याचा थेंब पडला तं पुन्हा बुरशी येईन."

त्याच वर्षी एक नवल घडलं. अमेरिकेतल्या काकांनी मी शाळेत असताना आमच्या कुटुंबासाठी भरलेल्या फाइलचा नंबर एकदाचा लागला आणि आम्हाला तिकडे जायची परवानगी मिळाली. मी तिथल्या एका लहान कॉलेजात दोन वर्षं राहिलेले विषय केले, तिथली वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली. मेलेली इच्छा पुन्हा उठून बसली होती. मेडिकल कॉलेजचे अर्ज भरायला घेतले आणि एका रकान्यावर अडले. तुमच्या पदवीच्या कॉलेजातल्या वैद्यकपूर्व समितीचं शिफारसपत्र जोडा, असं तिथे लिहिलं होतं. तिकडच्या मोठ्या कॉलेजांत म्हणे अशी समिती असते. ती डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना चार वर्षं जोखते आणि एकत्रित पत्र देते. काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "ते पत्र नसलं की फाइल ढिगाच्या तळाला जाते." आमच्या अमरावतीच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाची समिती होती, वृक्षारोपणाची होती. ही कुठून असणार?

मे महिन्यात बाबा कोर्टातली उरलेली कामं आवरायला अमरावतीला येणार होते. ते वकील. त्यांच्याबरोबर मीही आले आणि तडक प्राचार्यांना भेटले. प्राचार्य मनाने फार उमदे.

"समिती नाही म्हणून अडलं?" ते खुर्चीतून उठलेच. "अहो, आपल्या कॉलेजची पोरगी अमेरिकेत डॉक्टर होते आणि आपण एक समिती देऊ शकत नाही? आत्ता नेमतो!"

तासाभरात समिती नेमली गेली. अध्यक्ष प्राचार्य, सचिव विभागप्रमुख, सदस्यांत ग्रंथपाल आणि खेळाचे सर, महिला प्रतिनिधी म्हणून कार्यालयातल्या बाई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शिक्का तयार होऊन आला, गोल, मधोमध अशोकाचं पान. मी तिथे शिकत होते त्या तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तंही हेडक्लार्कनी बसल्या बैठकीत लिहून काढली. एका बैठकीत चहापानानंतर माझ्या प्रगतीवर 'सखोल चर्चा' झाल्याची नोंद होती. कोणालाच यात वावगं वाटत नव्हतं आणि खरं सांगते, मलाही नाही. ही माणसं माझ्यासाठी धावत होती. माझे डोळे भरून येत होते.

एकच सही राहिली होती. प्रत्यक्ष प्रयोग सरांनी घेतले होते, म्हणून सदस्यांत त्यांचं नाव होतं. सुट्टी असूनही ते रोज येत, कारण उबवणीपेटीतल्या जिवाणूंना सुट्टी नसते असं त्यांचं म्हणणं. मी आणि बाबा कागद घेऊन गेलो. सरांनी एकेक पान वाचलं. कूलर घरघरत होता. शेवटी त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"मी एकाही बैठकीले नोतो."

"सर, कोणीच नव्हतं," मी म्हणाले.

"मंग सही कायची करू?"

बाबा पुढे झाले. "सर, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. एक सही. कोण बघायला येणार आहे?"

"वकीलसाहेब," सर म्हणाले, "साक्षीदारानं जे पाह्यलं नाही, त्याच्यावर तुमी त्याची सही घेता काय?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. आमचे बाबा खोटं बोलत नाहीत, म्हणून ते काहीच बोलले नाहीत.

मी मात्र बोलले. अशी बोलले की आज आठवलं तरी कानशिलं तापतात. दोनदा हरले आहे, ही शेवटची संधी आहे, तुमच्या हट्टापायी माझं वाटोळं होईल, तुम्हाला काय, तुम्ही पाच वाजता गाडीला जाल. सगळं ऐकून घेऊन सरांनी विचारलं, "तुले डाक्टर व्हाचं हाये न? अन् पयल्याच कागदावर न पाह्यलेलं लिवतं? उद्या पेशंटले हात न लावता लिवशीन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकडाव केलं हाये तू."

बाबांना त्या बुरशीचं काही माहीत नव्हतं. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मी जमिनीकडे.

"तो फारम दाखव," सर म्हणाले. मी मोबाइल दिला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. "हे खालची ओळ वाचली काय?"

मी वाचली नव्हती. काकांच्या ओळखीच्या गृहस्थांनी नाही, प्राचार्यांनी नाही, समितीतल्या एकाही सदस्याने नाही. समिती नसल्यास तसं कळवा, कारण लिहा आणि तुम्हाला शिकवलेल्यांची वेगवेगळी पत्रं पाठवा, असं खाली स्वच्छ लिहिलं होतं.

"नाही हाये, तं नाही मनून लिव. त्यात लाज कायची? बाकीचे दोन पत्रं तू पाह्य. एक मी देतो."

सरांनी आजवर कोणाला शिफारसपत्र दिलं नव्हतं. त्यांचा वर्तणुकीचा दाखला तर मी पाहिला होता. आता मला खरी भीती वाटू लागली. हा माणूस 'पाचनंतरचे माहीत नाही' असं अमेरिकेला कळवणार!

आठवड्याने त्यांनी मला राजकमल चौकातल्या एका सायबर कॅफेपाशी बोलावलं. पत्र त्यांनी हाताने, इंग्रजीत लिहिलं होतं आणि ते उमेदवाराने वाचायचं नसतं, हेही त्यांनी त्या अर्जातच वाचलं होतं. म्हणून मला बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभं केलं. दुकानाच्या मालकालाही बजावलं, "वाचाचं नाही. फकस्त चढवाचं." तो बिचारा तोंड भलतीकडे फिरवून स्कॅन करत होता, ते मला काचेतून दिसत होतं. बाहेर आल्यावर सरांनी मूळ पत्र घडी करून पिशवीत ठेवलं आणि माझा उरलेला रस संपवायला लावला.

मी रकान्यात लिहिलं, 'समिती नाही.' कारणाच्या जागी लिहिलं, 'आमच्या कॉलेजात अशी समिती कधी नव्हती. मागितल्यावर दोन दिवसांत तयार झाली, पण तिने मला पाहिलेलं नाही, म्हणून तिचं पत्र जोडत नाही.' लिहून झाल्यावर पाठ आपोआप ताठ झाली.

बऱ्याच कॉलेजांनी उत्तरच दिलं नाही. एकाने मुलाखतीला बोलावलं. समोर पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टर बाई होत्या. माझे कागद चाळून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्या बुरशीबद्दल सांग."

सरांनी सगळं लिहिलं होतं. साक्षगंधाची दुपार, न मोजलेल्या दोन बशा, चौऱ्याऐंशीचा आकडा, दिलेलं शून्य. मी सांगू लागले. साडीचंही सांगितलं. सिंकपर्यंत बशी नेली होती, हे सरांनाही माहीत नव्हतं, तेही सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग त्यांनी पत्राची प्रत दिव्याखाली तिरकी धरली.

"शेवटची ओळ फार पुसट आहे. ही पेन्सिलीने का लिहिली आहे?"

"काय ओळ आहे?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

बाईंनी वाचली. "ही चांगली डॉक्टर होईल."

मग मी त्यांना सरांचा शाई-पेन्सिलीचा नेम समजावून सांगितला. बाई हसल्या. "म्हणजे त्यांनी ते अजून पाहिलेलं नाही."

"नाही," मी म्हणाले. "मीही नाही."

तिथे मला प्रवेश मिळाला.

बातमी अमरावतीत पोचली तेव्हा प्राचार्यांना झालेला आनंद शब्दांत मावणारा नव्हता. शिक्का वाया जाऊ नये, हाही विचार असावा. मी पुढच्या सुट्टीत आले तेव्हा वैद्यकपूर्व समितीच्या वतीने माझा जाहीर सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि प्रत्येक सदस्याचं भाषण. समितीची ही पहिली आणि शेवटची सभा. सर पहिल्या रांगेत डायरी घेऊन बसले होते. भाषणं संपल्यावर मी हळूच डोकावले. शाईने लिहिलं होतं, 'आज समितीची बैठक पाहिली. चहा गोड.'

मधली वर्षं अभ्यासात गेली. सर निवृत्त झाले आणि अप-डाउन थांबलं. गेल्या मे महिन्यात मी पदवी घेऊन, नोकरीवर रुजू होण्याआधी चार आठवडे अमरावतीला आले होते. बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले, पेढे घेऊन. जुन्या शहरातल्या त्या अरुंद गल्लीत सर दारातच खुर्ची टाकून बसले होते. बारीक झाले होते, पण खिशात पेन आणि पेन्सिल होतीच.

"डाक्टर झाली म्हनते," ते म्हणाले. मी पदवीचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल दूर धरून पाहिला आणि परत दिला. "कागद दिसला. बरं हाये."

मला जरा रागच आला. एवढ्या लांबून आले, आणि बरं हाये!

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पाणी घेऊन आल्या. उन्हाने डोकं जड झालंय, असं सहज म्हणाल्या. मी पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं, त्यांना पाच मिनिटं स्वस्थ बसवलं, दंडाला पट्टा बांधला. आकडा थोडा जास्त आला. मी तो लिहून घेतला.

"सांग न वं, किती हाये?" काकू म्हणाल्या.

"थांबा काकू. एकावर सांगत नाही." जरा वेळाने पुन्हा मोजलं, त्यानंतर पुन्हा एकदा. तीन आकडे तीन तऱ्हेचे आले. मी ते एकाखाली एक लिहिले आणि शेजारी वेळा टाकल्या. "थोडं जास्त आहे. पण एवढ्यावरून मी काही ठरवणार नाही. आठवडाभर रोज मोजा आणि इथल्या डॉक्टरांना दाखवा. हा कागद त्यांना द्या."

सरांनी तो कागद मागून घेतला. चष्मा नाकावर ओढून पहिल्या आकड्यापासून वाचला. तिन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं, तिन्ही वेळा पाहिल्या, मग कागद काकूंकडे दिला आणि आत गेले. कपाटाचं दार करकरलं. बाहेर आले ते हातात एक घडीचा, कडा पिवळ्या पडलेला कागद घेऊन. ते त्या पत्राची मूळ प्रत घेऊन आले होते.

ते खुर्चीत बसले. कागद मांडीवरच्या डायरीवर पसरला, खिशातलं पेन काढलं, झाकण उलट्या टोकाला लावलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सगळ्यात खालची पुसट ओळ, एकेक अक्षर करत, शाईने गिरवली. मग शाई वाळेपर्यंत ते कागदावर फुंकर घालत बसले.